खरं बोलणारे दिवे

सुनेने एखाद्या वेळी दूध उतू घालवावं, किल्ली घरात विसरून दार ओढून घ्यावं, नवऱ्याला चारचौघांत गप्प बसवावं, हे सगळं थोरल्या बाई पोटात घालायला तयार होत्या. पण भर गिऱ्हाइकीच्या वेळी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचं, कमरेवर हात ठेवायचे आणि आपल्याच दुकानाकडे परक्या बाईसारखं टक लावून बघत राहायचं, हे मात्र त्यांना काही केल्या पटत नव्हतं. एखाद्या दिवशी केलं असतं तर सोडून दिलं असतं. सून हे रोज करायची. आधी मान डावीकडे कलायची, मग उजवीकडे. परवा तर चक्क खाली उकिडवी बसून बघितलं.

"लोक काय म्हणतील?" काउंटरमागच्या उंच स्टुलावरून थोरल्या बाई मुलाला म्हणाल्या. "म्हणतील, सासूने हाकलली वाटतं. जायला जागा नाही, म्हणून समोर उभी आहे बिचारी."

"अगं आई, ती शोकेस बघते. लग्नाआधी मोठ्या दुकानात शोकेस सजवायची ती. अर्धं शहर बघायला लोटायचं."

अर्धं शहर! थोरल्या बाईंनी मनातल्या मनात त्याचं निम्मं केलं, आणि उरलं त्याचं पुन्हा निम्मं केलं. ही त्यांची जुनी रीत होती. त्यांचे यजमान, देव त्यांना सुखात ठेवो, उंदीर दिसला तर मांजर सांगायचे आणि मांजर दिसली तर वाघ. खाण तशी माती. मुलगाही त्याच वळणावर गेला. दोन माणसं दुकानात आली की "रांग लागली होती गं" म्हणायचा. अशा घरात उभा जन्म काढलेल्या बाईने करायचं काय? थोरल्या बाई आधी काट मारायच्या आणि मग ऐकायच्या. मुलाचं बोलणं निम्मं, त्याच्या बापाचं पाव. सून आली तेव्हा तिलाही निम्म्याचंच माप लावून टाकलं. नव्या माणसासाठी वेगळं माप कुठून आणायचं?

सून रस्ता ओलांडून परत आली.

"काय गं, दुकान आहे ना जागेवर? का गेलं पळून?"

"आई, खरं सांगू का?"

"सांग. मी माझं बघून घेईन त्यातलं किती घ्यायचं ते."

"पलीकडून आपलं दुकान दिसतच नाही. दोन पिवळे डाग दिसतात आणि मध्ये अंधार. इतके रंग आहेत आपल्याकडे, एक बाहेर पोचत नाही."

थोरल्या बाईंच्या हातातली कात्री थांबली. सासरच्या तीन पिढ्या या दुकानात दोरे, बटणं, लेस आणि रिबिनी विकत आल्या होत्या. भिंतभर खणांत रिळं अशी रचलेली, की नव्या माणसाने आत पाऊल टाकलं की तोंडाचा आ व्हायचा. आणि ही काल आलेली पोरगी म्हणते, दिसत नाही!

"ज्याला दोरा पाहिजे त्याला दिसतं," त्या म्हणाल्या. "ज्याला नको त्याला दाखवून करायचंय काय?"

पण दिव्यांविषयी सून बोलत होती त्यात चूक काढायला जागा कमी होती, हे थोरल्या बाईंनाही ठाऊक होतं. शोकेसमध्ये हॅलोजनचे जाडे दिवे होते. ते उजेड द्यायचे थोडा आणि आग ओकायचे फार. त्यांच्याखाली मांडलेली पांढरी लेस महिन्याभरात म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळी पडायची. दुपारी तर दुकानाची भट्टी व्हायची. गिऱ्हाईक बटण घ्यायला यायचं आणि घाम पुसत परत जायचं. काउंटरवर लोंबता एक पिवळा बल्ब होता, तो तेवढा थोरल्या बाईंचा लाडका. आणि भट्टीचेही फायदे होतेच की. शोकेसच्या दिव्यांच्या पेटीवर थोरल्या बाई चहाचा कप ठेवायच्या, तो गिऱ्हाईक उरकेपर्यंत गरम राहायचा. दुकानातली ढोली मांजर हॅलोजनखाली रिबिनीच्या गुंडाळ्यांवर अशी पसरायची, की लोकांना ती विकायलाच ठेवली आहे असं वाटायचं.

शेवटी मुलगा मध्ये पडला. बायको आणि आई यांच्यात मध्ये पडणारा पुरुष कुठे पडतो हे सांगायला नको. तो बायकोच्या बाजूला पडला.

"आई, हे एलईडी लावले ना, की वीज म्हणशील तर नावाला! दुकान बर्फासारखं गार!"

"निम्मं गार," थोरल्या बाई पुटपुटल्या.

"आई, बर्फासारखं नाही होणार," सून म्हणाली. "हॅलोजनची आग जाईल, एवढंच. बाहेर ऊन असेल तर उकडेल. पण दिव्यामुळे नाही उकडणार. आणि रंग जसे आहेत तसे दिसतील."

थोरल्या बाईंनी याचंही निम्मं केलं आणि मान हलवली. वायरमन शिडी घेऊन आला. सुनेने त्याला सुखाने काम करू दिलं नाही. तो एलईडीची एक पट्टी लावायचा, ती खाली जांभळं रीळ धरायची, दारात जाऊन तेच रीळ उन्हात बघायची, परत यायची आणि म्हणायची, "ही नको. हिच्यात जांभळा मेल्यासारखा दिसतो." दुसरी पट्टी इतकी पांढरीफटक, की मुलाचा चेहरा आजारी दिसायला लागला.

"ताई, उजेड तो उजेड," वायरमन कपाळावर हात मारून म्हणाला. "त्यात इतकं काय बघायचं?"

"दादा, आम्ही रंग विकतो. दोरा तर सगळ्यांकडेच मिळतो."

हे वाक्य थोरल्या बाईंना आवडलं. अर्थात तसं त्यांनी दाखवलं नाही.

संध्याकाळपर्यंत शोकेसमध्ये, खणांच्या कडांखाली आणि काउंटरच्या वर नव्या पट्ट्या बसल्या. खटका दाबला आणि दुकान असं उघडलं, जसं झोपेतल्या माणसाने डोळे उघडावेत. जिथे इतकी वर्षं एक काळपट पट्टा होता, तिथे निळ्याचे कितीतरी निळे झाले. रस्त्याने चाललेली एक बाई थांबली, दोन पावलं मागे आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"बघितलंस?" मुलगा ओरडला. "गर्दी जमली!"

थोरल्या बाईंनी सवयीने चहाचा कप शोकेसच्या पेटीवर ठेवला, एका गिऱ्हाइकाला हुक दिले, येऊन घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कसला मेला दिवा! चहासुद्धा गरम ठेवता येत नाही, आणि म्हणे नवीन!"

मांजरही दोनदा शोकेसमध्ये जाऊन आली, पाठीला ऊब लागेना म्हणून सगळ्यांकडे पाठ करून दारात जाऊन बसली. निदान या घरात एक जण आपल्या बाजूचं आहे, असं थोरल्या बाईंना वाटलं. वायरमनने काढलेला पिवळा बल्ब त्यांनी कचऱ्यात जाऊ दिला नाही. रुमालात गुंडाळून आपल्या खणात ठेवला. वेळ काय सांगून येते?

आता थोरल्या बाईंच्या हाताविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. कापडाला जुळणारा दोरा काढून देणं, हे त्या दुकानाचं नाक होतं आणि ते नाक थोरल्या बाईंचं होतं. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की त्या स्टुलावरून उतरायच्या, गिऱ्हाइकाला उंबऱ्यापर्यंत चालवत न्यायच्या, कापड दिवसाच्या उजेडात एकदा सुलटं, एकदा उलटं बघायच्या आणि त्याच्या हातात परत द्यायच्या. मग आत येऊन, कापडाकडे ढुंकूनही न बघता, भिंतीतून एक रीळ काढून समोर ठेवायच्या. रीळ कापडावर ठेवून बघायचं नाही. ते नवशिक्यांचं काम. गिऱ्हाईक उंबऱ्यावर जाऊन रीळ कापडाला लावायचं आणि तोंडात बोट घालायचं. लांबलांबचे शिंपी एका रिळासाठी यायचे ते या तमाशासाठी.

आणि ज्याची नजर गेली, त्याने स्टूल सोडायचं, हाही त्या दुकानाचा नेम होता. थोरल्या बाईंच्या सासूबाई डोळ्यांत मोतीबिंदू आले तेव्हा आपणहून उठल्या आणि मागच्या खोलीत जाऊन लेस पुठ्ठ्यावर गुंडाळत बसल्या. ती खोली वाईट नव्हती. खुर्ची होती, खिडकी होती. पण तिथे कुणी काही विचारायला येत नसे.

नव्या दिव्यांच्या दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आल्या. गाणाऱ्या बायकांच्या एका मंडळाचे झगे त्यांच्याकडे शिवायला आले होते, सगळे मोरपिशी. थोरल्या बाईंनी उंबऱ्यावर कापड बघितलं, आत आल्या, हात वर गेला, रीळ समोर आलं.

दुपारी शिंपीणबाई परत आल्या. रीळ हातातच.

"थोरल्या बाई, राग येऊ देऊ नका. पण हा मोरपिशी का? हा तर शेवाळी."

"बाहेर बघितलंत का नीट?"

"बघितलं म्हणून तर आले. शिवण अशी दिसते, जशी हिरव्या पेनाने रेघ मारलीय. गाणं ऐकायचं सोडून लोक शिवणच मोजतील."

थोरल्या बाईंनी रीळ घेतलं, उंबऱ्यावर नेऊन उन्हात धरलं. शेवाळीच होतं. बाजूच्या खणातलं रीळ चुकून आलं असेल म्हणून त्यांनी दुसरं दिलं. तेही संध्याकाळी परत आलं. मग एका कोटाला गुलाबी दिला, तो नारिंगी निघाला. जांभळा दिला, तो विटकरी. एक म्हातारे गृहस्थ पांढऱ्या शर्टाला दोरा घेऊन गेले आणि सायीच्या रंगाचा आहे म्हणून परत घेऊन आले.

"आई, एकदा रीळ कापडावर ठेवून बघता का?" सून हळूच म्हणाली.

"का? मी काय आज दुकानात उभी राहिले? तू तुझी शोकेस बघ. रस्त्यापलीकडे जाऊन बघ!"

परत आलेली रिळं सुनेने ज्याच्या त्याच्या खणात न ठेवता एका टोपलीत टाकली. थोरल्या बाईंनी ते बघितलं आणि त्यांना वाटलं, पुरावा जमा करतेय.

शनिवारी शिंपीणबाई तिसऱ्यांदा आल्या. या खेपेला त्या काउंटरशी आल्याच नाहीत, दारातूनच बोलल्या. "सोमवारपर्यंत वाट बघते. मग मोठ्या बाजारातून आणेन. तिथे यंत्राने जुळवून देतात म्हणे."

"हे सगळं या दिव्यांनी केलंय!" थोरल्या बाई कडाडल्या. "चांगला बल्ब होता!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," शिंपीणबाई म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण म्हणाल्या. आणि गेल्या.

त्या दिवशी थोरल्या बाईंनी कुणाचं लक्ष नाही असं बघून एक डोळा झाकला, कॅलेंडरकडे बघितलं. मग दुसरा झाकला. दोन्ही डोळ्यांना तारखा दिसत होत्या. पण तारखा काळ्या असतात. काळ्याचं काय कौतुक? मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतली खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीवर मांजर बसली होती, जशी काही जागा धरून ठेवलीय.

जेवताना त्यांनी जाहीर केलं, "सोमवारी वायरमनला बोलवा. पट्ट्या काढायच्या. माझा बल्ब लावायचा."

मुलाचा घास हातातच राहिला. "आई, अगं लोक वेडे झालेत त्या शोकेसपायी! गाड्या थांबतात!"

"थांबू देत. मी रंग जुळवते म्हणून दुकान आहे. दिवे बघायला लोक येणार असतील तर दिवेच विका."

सून जेवत होती तशी जेवत राहिली. मग म्हणाली, "आई, उद्या दुकान बंद असतं. उद्याचा एक दिवस द्या मला. त्यातूनही जमलं नाही तर सोमवारी शिडी मी स्वतः धरते."

"एक दिवस," थोरल्या बाई म्हणाल्या आणि मनात म्हणाल्या, अर्धा. अर्ध्या दिवसात ही काय दिवे लावणार आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दुकानात एकटीच गेली. तास गेला, दुसरा गेला. मग तिने हाक मारली, "आई, जरा इकडे येता? मागच्या खोलीत."

मागच्या खोलीत! आली वेळ, थोरल्या बाई मनात म्हणाल्या. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. खुर्ची पुसून ठेवली असेल, लेस काढून ठेवली असेल, वर गोड बोलेल, 'आई, तुम्ही आता आराम करा.' ठीक आहे. रडायचं नाही. बसायचंच असेल तर ताठ बसायचं. त्यांनी केस सारखे केले आणि आत गेल्या.

खोलीची खिडकी सुनेने जाड कापडाने झाकली होती. छताला एक बल्ब पेटला होता. पिवळा. थोरल्या बाईंचा.

"माझ्या खणात हात घातलास?"

"घातला. नंतर काय बोलायचं ते बोला. आधी हे बघा." सुनेने टेबलावर एकच रीळ ठेवलं. "हा कुठला रंग?"

थोरल्या बाईंनी रिळाकडे बघितलं. बल्बाखाली ते शेवाळी दिसत होतं. त्यांचं तोंड शेवाळी म्हणायला उघडलंच नाही. बल्बाची आणि त्यांची जुनी ओळख होती. "मोरपिशी," त्या म्हणाल्या.

"दिसतो मोरपिशी?"

"दिसतो शेवाळी. पण आहे मोरपिशी. हा बल्ब असाच आहे मेला, सगळ्यावर हळदीचं बोट फिरवतो. गुलाबी नारिंगी दिसतो, जांभळा विटकरी. तो दाखवतो ते नाही घ्यायचं. तो किती खोटं बोलतो ते वजा करायचं आणि मग..."

त्या थांबल्या.

सून बाहेर गेली, परत आलेल्या रिळांची टोपली घेऊन आली आणि थोरल्या बाईंना दुकानात, नव्या पट्ट्यांखाली घेऊन गेली. सगळी रिळं काउंटरवर रांगेने मांडली. शेवाळी, नारिंगी, विटकरी, साय. त्यांच्याशेजारी जी द्यायला हवी होती ती रिळं लावली.

"मला वाटलं होतं, चुका इकडच्या तिकडच्या असतील," ती म्हणाली. "डोळ्याचा दोष असता तर एखादा रंग इकडे गेला असता, एखादा तिकडे. पण सगळी एकाच बाजूला गेलीत. सगळी रिळं बघा कशी, खऱ्या रंगाला चहात बुडवून काढल्यासारखी. मग मी विचार केला, मोरपिशी चहात कुठे बुडायचा आपल्याकडे? त्या बल्बाखाली. आई, तुम्ही चुकीचं रीळ नाही काढलंत. जुन्या बल्बाखाली जो मोरपिशी दिसायचा, तोच काढलात, अगदी तंतोतंत. पण आता वर बल्ब नाही. हे दिवे जसं आहे तसं दाखवतात, आणि तुम्ही त्यांचंही खोटं वजा करताय. त्यांच्यात खोटं नाहीच."

थोरल्या बाई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी एक नारिंगी रीळ उचललं, दारात जाऊन बघितलं, परत आणून पट्टीखाली बघितलं. दोन्हीकडे ते सारखंच नारिंगी होतं. उन्हात जे, तेच आत. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"म्हणजे डोळे..."

"डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत तुमचे. मला तर विटकरी आणि जांभळा शेजारी ठेवल्याशिवाय चूक कुठल्या बाजूची ते कळलंच नव्हतं."

"गोड बोलू नकोस."

"मी गोड बोलत नाही आई. येतच नाही मला. तुमच्या मुलाला विचारा."

थोरल्या बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. उंबऱ्यावर कापड बघतात तसं, एकदा सुलटं, एकदा उलटं. आणि त्यांना एकेक आठवायला लागलं. हॅलोजनची आग जाईल म्हणाली होती, आग गेली. बर्फासारखं होणार नाही म्हणाली होती, झालं नाही. रंग जसे आहेत तसे दिसतील म्हणाली होती. एक दिवस मागितला होता, एक दिवसच लागला. त्यातही दुपार अजून शिल्लक होती. हिच्या बोलण्यात काट मारायला जागाच नव्हती, आणि आपण इतके महिने काट मारत बसलो होतो.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उलट म्हणाल्या, "खिडकीवर ते माझं चांगलं कापड कशाला टांगलंस? चुरगळलं असेल."

सोमवारी शिंपीणबाई आल्या त्या बघायलाच आल्या. खांद्याला बाजाराची पिशवी लटकवलेली, म्हणजे इथून तडक मोठ्या बाजारात जायचं, हे बघणाऱ्याला कळावं. सून शोकेसमध्ये बटणं मांडत होती, तिचे हात थांबले. मुलगा दारात येऊन उभा.

थोरल्या बाई स्टुलावरून उतरल्या, उंबऱ्यावर गेल्या, मोरपिशी कापड सुलटं बघितलं, उलटं बघितलं, परत दिलं. आत आल्या. हात वर गेला आणि आपसूक शेवाळीकडे वळला. इतक्या वर्षांचा हात, तो काय एका रविवारात सुधारतो? थोरल्या बाईंनी हाताला मनातल्या मनात एक शिवी दिली आणि तो मागे ओढला. मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, भिंतीवर जे दिसतंय तेच बघितलं. वजा नाही, बेरीज नाही. असं बघायला उगीच उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं, हातात काठी नसताना जिना उतरल्यासारखं. खणात मोरपिशी रीळ सरळ मोरपिशी होऊन बसलं होतं, जसं काही म्हणत होतं, बाई, मी इथेच आहे की.

त्यांनी ते काढून समोर ठेवलं.

शिंपीणबाई उंबऱ्यावर गेल्या. रीळ कापडावर ठेवलं. दोरा ओढून काढला, कापडावर आडवा धरला. मग नाक कापडाला टेकेल इतकी मान खाली घातली.

"काय झालं?" मुलाने विचारलं. त्याच्याने राहवेना.

"दोरा कुठे गेला ते शोधतेय," शिंपीणबाई म्हणाल्या. "थोरल्या बाई, कसं केलंत हो?"

"अंगण सरळ करून घेतलं," थोरल्या बाई म्हणाल्या. "आता किती रिळं पाहिजेत ते सांगा आणि बाजाराची ती पिशवी आधी घडी करून आत टाका. डोळ्यांत खुपते."

शिंपीणबाई इतक्या हसल्या, की त्यांना उंबऱ्यावरच टेकावं लागलं. मांजरीने चिडून त्यांच्याकडे बघितलं, कारण दारातली उन्हाची जागा तिची होती.

त्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला सून नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडायला निघाली. पलीकडे पोचून कमरेवर हात ठेवून वळते तो रस्त्यातून आवाज आला, "थांब."

थोरल्या बाई चहाचा कप हातात घेऊन येत होत्या. कप वाफाळता होता. आता त्या चहा ठेवून देत नसत, आल्या आल्या पिऊन टाकत. सुनेच्या शेजारी त्या फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या.

लग्न होऊन या दुकानात आल्यापासून त्या रोज आत होत्या. दुकान उघडताना कुलपाकडे बघायच्या, बंद करताना कुलपाकडे. पलीकडच्या बाजूला उभं राहून, दिवे लागलेले असताना, आपलं दुकान त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आज बघितलं. रस्ता सावळा होत चालला होता आणि त्यात ते चिंचोळं दुकान रंगांनी भरलेल्या पेटीसारखं उघडं होतं. पांढरी लेस पांढरी होती. मागच्या भिंतीवरचा अगदी वरचा फिक्का निळाही इथपर्यंत येत होता. काचेपाशी दोन मुली उभ्या होत्या, आणि काउंटरमागे मुलगा त्यांना हातवारे करून काहीतरी सांगत होता. दुप्पट करूनच सांगत असणार.

"अर्धं शहर," थोरल्या बाई म्हणाल्या.

"दोन जणी आहेत, आई," सून म्हणाली.

थोरल्या बाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐक. तू आगाऊ आहेस, माझ्या खणात हात घालतेस, आणि भर बाजारात कमरेवर हात ठेवून उभी राहतेस, ते मला अजून पटलेलं नाही. पण तू दोनाला दोन म्हणतेस. या घरात असं माणूस पहिल्यांदाच आलं, म्हणून ओळखायला मला वेळ लागला. उद्यापासून तुझं बोलणं मी पुरतं धरणार. तेव्हा जपून बोल."